जागा तीच, वेळ कोणाची?

दुबईतील ऊद मेथा भागात सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च आहे. शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांनी दिलेल्या जमिनीवर १९६७ साली ते उभे राहिले. ती वास्तू अपुरी पडू लागली तेव्हा १९८९ साली नवी वास्तू बांधण्यात आली. या धर्मग्रामाची लोकसंख्या आता तीन लाखांच्या घरात सांगितली जाते आणि जगातील सर्वांत मोठ्या धर्मग्रामांत त्याची गणना होते. गोवा, मंगळूर, केरळ, वसई आणि फिलिपाइन्स अशा ठिकाणांहून पोटासाठी तेथे गेलेली ही माणसे आहेत. एका वास्तूत ती मावणार कशी, हा प्रश्न वरकरणी धार्मिक व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे.

अमिरातीत चर्च उभारायचे ते राज्यकर्त्यांनी नेमून दिलेल्या जमिनीवरच. भाविक वाढले म्हणून शेजारचा भूखंड विकत घ्यावा आणि भिंत पुढे सरकवावी, ही सोय तेथे नाही. म्हणजे पुरवठा ठप्प आणि मागणी मात्र दर विमानागणिक वाढती. बाजारात अशा वेळी किंमत चढते व गर्दी आपोआप पांगते. मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, किंमत लावता येत नाही आणि लावूही नये. मग उरते एकच साधन, ते म्हणजे वेळ. एकच सभागृह दिवसातून दहा वेळा भरवले की ते दहा सभागृहांचे काम करते.

हे साधन वाटते तितके जुने नाही. १९५३ पर्यंत ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून निर्जळी उपास करावा लागे. साहजिकच मिस्सा सकाळीच उरकावी लागे. बाराव्या पायस पोपनी त्या वर्षी नियम सैल केले, संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली आणि १९५७ साली उपासाची मुदत तीन तासांवर आणली. १९६४ साली ती एका तासावर आली. रविवारचे कर्तव्य शनिवारी संध्याकाळीही पार पाडता येते, हे १९८३ च्या धर्मसंहितेने स्पष्ट नमूद केले. एकही वीट न रचता चर्चची जागा वाढली ती अशी! अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना इतके सुबक उदाहरण क्वचितच मिळत असेल.

तथापि वेळही अमर्याद नसते. समजा, मिस्सा एक तासाची आणि दोन मिस्सांमध्ये अर्धा तास. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत अशा दहाच मिस्सा बसतात. सभागृह दोन हजारांचे धरले तर दिवसाला वीस हजार माणसे झाली. तो अर्धा तासही चैनीचा नव्हे. दोन हजार लोक बाहेर पडत असताना दोन हजार आत येऊ पाहतात आणि त्यांच्या मोटारींना फाटक मात्र तेच असते. आवारात ध्वनिक्षेपक लावून आणखी काही हजारांची सोय होते. पण वाळवंटातल्या उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर उभे राहणे ही सोय म्हणावी की शिक्षा? शिवाय एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करावी, निकड असेल तर रविवारी फार तर तीन, असे चर्चचा कायदा सांगतो. म्हणजे दहा मिस्सांना किमान चार धर्मगुरू हवेत, आणि तेही वेगवेगळ्या भाषा जाणणारे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत आली. त्यामुळे इंग्रजी, अरबी, मल्याळम, तमिळ, कोकणी, उर्दू, टागालोग अशा प्रत्येक भाषेचा हक्काचा तास मागितला जातो. ही मागणी न्याय्यच आहे. पण वेळेचे तुकडे जितके अधिक, तितकी लहान गटाच्या वाट्याला येणारी वेळ गैरसोयीची.

इथवरचा हिशेब व्यवस्थापकाचा झाला. खरा प्रश्न पुढेच आहे. जागेऐवजी वेळ वाटायची ठरवली की ज्याच्या हाती स्वतःची वेळ आहे, त्याचाच फायदा होतो. मोटार असलेल्या बँक अधिकाऱ्याला सकाळची मिस्सा चुकली तर संध्याकाळची मिळते. घरकामाला असलेल्या बाईचा वार मालकीण ठरवते, बांधकाम मजुराचा ठेकेदार. दुबईच्या कडेला मजुरांची एक मोठी वसाहत आहे. तिला सोनापूर म्हणतात (मुंबईकराच्या कानाला हे नाव स्मशानाचे वाटेल, पण तो भाग वेगळा). तेथून चर्चपर्यंत जायचे तर कंपनीच्या गाडीची वाट पाहावी लागते, नाहीतर तुटपुंज्या पगारातून भाडे मोजावे लागते. मिस्सा विनामूल्य असली तरी तिच्यापर्यंत पोहोचणे विनामूल्य नाही.

मराठी वाचकाला येथे माहीमचे सेंट मायकेल चर्च आठवेल. बुधवारच्या नोव्हेनासाठी तेथे दिवसभर रांग असते, एकामागून एक प्रार्थना होतात, मराठीतही होतात. बुधवार कामाचा वार असूनही ती गर्दी पांगते, कारण कोणी कचेरीआधी येतो, कोणी कचेरी सुटल्यावर, आणि लोकलचे स्थानक जवळ आहे. तेथे वेळ निवडणारा भाविक स्वतःच असतो. आखाती देशांत नेमके हेच उलटे आहे.

तेथे बरीच वर्षे शुक्रवार हा सुटीचा वार होता. चर्चनेही वास्तव ओळखून शुक्रवारच्या मिस्सेला रविवारचे स्थान दिले होते. जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांची सुटी शनिवार-रविवार झाली आणि गर्दीचा भारही तिकडे सरकला. ख्रिस्ती पंचांगाच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. परंतु खासगी नोकराची साप्ताहिक सुटी त्याच्या करारावर आणि मालकाच्या सोयीवर अवलंबून असते. रविवारच्या वेळापत्रकात मिस्सा वाढल्या, म्हणून शुक्रवारीच सुटी मिळणाऱ्या मजुराला काय मिळाले?

म्हणूनच गर्दी आवरण्यासाठी पूर्वनोंदणीसारखे जे उपाय सुचवले जातात, त्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. महामारीच्या काळात ही पद्धत अनेक देशांत आली. सभागृह त्यामुळे नेमके भरते, यात शंका नाही. पण पुढच्या आठवड्यात आपल्याला सुटी कधी, हे ज्याला ठाऊक आहे, तोच आधी नोंदणी करू शकतो. ज्याला ते आदल्या रात्री कळते, त्याच्यासाठी काही जागा नोंदणीविना राखून ठेवल्या नाहीत, तर शिस्त येईल आणि गरीब बाहेर राहील.

जागेबरोबर वेळही देता येते, याचा दाखला अमिरातीतच आहे. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद क्रीडानगरीत मिस्सा केली. सुमारे १ लाख ८० हजार लोक जमले. तो मंगळवार होता. प्रवेशपत्रे मोफत होती, बसगाड्यांची सोय होती, आणि प्रवेशपत्र असलेल्या खासगी नोकरांना त्या दिवसाची रजा सरकारने जाहीर केली होती. मैदानाच्या आकाराची चर्चा पुष्कळ झाली. रजेची झाली नाही. वास्तविक त्या रजेवाचून मजुराला मैदानाचा उपयोग नव्हता.

एरवी अशी रजा रोज मिळणार नाही, हे उघड आहे. तेव्हा चर्चच्या हाती उरते ते वेळापत्रक आणि नव्या वास्तूची जागा. अबू धाबीजवळ मुसाफा या औद्योगिक भागात जून २०१५ मध्ये सेंट पॉल चर्चचे उद्घाटन झाले. शहरातील सेंट जोसेफचा भार त्यामुळे हलका झाला, हे खरेच. पण त्याहून मोलाचे हे की कामगार राहतात त्या बाजूला चर्च गेले. दुबईत जेबेल अलीला २००१ पासून दुसरे चर्च आहे. सोनापूरच्या बाजूला तिसरे होईल तेव्हा होईल. तोवर ऊद मेथातील संध्याकाळचे सोयीचे तास कोणत्या भाषेला द्यायचे, हे ठरवताना भाविकांची संख्या पाहण्याआधी त्या भाषेचे भाविक कामावरून किती वाजता सुटतात आणि रात्री परतीची बस कितीला आहे, हे विचारले तरी पुष्कळ झाले.