‘टीममध्ये एक मुलगी हवी’: हॅकाथॉनपासून नोकरीपर्यंत, कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांनी काय पाहावं?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरायला लागतो. ‘पाच जण झालेत, एक मुलगी हवी. अर्जंट.’ बाहेरच्याला हा प्रकार विचित्र वाटेल, पण त्यामागे नियम आहे. ‘स्मार्ट इंडिया हॅकाथॉन’ या केंद्र सरकारच्या स्पर्धेत सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असणं बंधनकारक आहे. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच संघांत ही सहावी मुलगी नावापुरती असते. स्लाइड्स सजवायचं काम तिच्याकडे, कोड लिहायचं काम बाकीच्यांकडे.

हा लेख त्या मुलीसाठी आहे, आणि तिच्या भावांसाठीही. भायखळ्याचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं काळसेकर, मालेगावचं मन्सुरा, नागपूरचं अंजुमन अशा कॉलेजांत शिकणाऱ्या अनेकांच्या घरात इंजिनिअर होणारी ही पहिलीच पिढी. कुणाच्या अब्बूंनी लूमवर डबल पाळी करून फी भरलेली असते, कुणाच्या अम्मीचे दागिने सोनाराकडे असतात. आणि चौथ्या वर्षी कळतं की कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या मोजक्या, त्यांना हव्या असलेल्या जागा त्याहून मोजक्या. मग धावपळ सुरू होते. ही धावपळ दोन वर्षं आधी सुरू झाली असती, तर चित्र वेगळं असतं. म्हणून कुठे, कधी आणि काय करायचं ते जरा सविस्तर पाहू.

हॅकाथॉन म्हणजे नेमकं काय?

स्मार्ट इंडिया हॅकाथॉन 2017 पासून होतंय. शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल आणि एआयसीटीई मिळून ते भरवतात. वेगवेगळी मंत्रालयं, सरकारी कंपन्या, राज्य सरकारं आपापल्या अडचणी ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हणून देतात. संघाने त्यातली एक निवडायची आणि तिच्यावर चालणारा उपाय बनवायचा. सहाही जण एकाच कॉलेजचे हवेत, पण शाखा वेगवेगळ्या चालतात. प्रवेशाला फी नाही.

आधी कॉलेजच्या आतच एक फेरी होते. त्यातून निवडलेल्या संघांची नावं कॉलेजने नेमलेले प्राध्यापक पोर्टलवर पाठवतात. त्यांना ‘एसपीओसी’ म्हणतात. आपल्या कॉलेजचे एसपीओसी कोण, हेच कित्येक विद्यार्थ्यांना माहीत नसतं. तिथूनच गाडी चुकते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जाऊन विचारा. कॉलेजने कुणी नेमलंच नसेल तर चार-सहा जणांनी मिळून एचओडींकडे अर्ज द्या. पुढच्या टप्प्यात कल्पनेची छाननी होते, आणि त्यातून निवडलेले संघ अंतिम फेरीला देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर जातात. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तास चालते.

या 36 तासांमुळेच घरात पहिला वाद होतो. ‘रात्री थांबायचं? तेही दुसऱ्या शहरात?’ पालकांचा प्रश्न चुकीचा नाही. पण आधी हे समजून घ्या की ती वेळ सगळ्यात शेवटी येते. कॉलेजची फेरी आपल्याच कॉलेजात असते, कल्पना ऑनलाइन जमा होते. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या संघाबरोबर मार्गदर्शक असतात, मुलींच्या राहण्याची सोय कशी आहे ते आयोजक केंद्राला फोन करून विचारता येतं. मुलगी निवडली गेली तर तो प्रश्न तेव्हा, सगळी माहिती हातात घेऊन, घरात बसून सोडवा. पहिल्या फेरीच्या आधीच ‘नको’ म्हटलं तर तिच्या हातून फक्त एक रात्र जात नाही, त्याआधीच्या तीन महिन्यांचं कामही जातं.

कारण खरी कमाई त्या तीन महिन्यांत आहे. बक्षीस थोड्यांनाच मिळतं. पण इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्ही काय बनवलंय?’ हा प्रश्न सगळ्यांना येतो. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ हे उत्तर समोरच्या माणसाने त्या दिवशी आधीच चार वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी ‘जिल्हा रुग्णालयातल्या रांगेचा प्रश्न होता, आम्ही असं केलं, डेटाबेस इथे अडकला, मग असं सोडवलं’ हे सांगणारा विद्यार्थी लक्षात राहतो. अडकलेलं सांगता यायला हवं. ते ज्याने स्वतः काम केलं त्यालाच सांगता येतं. चॅटजीपीटीकडून घेतलेल्या कोडवर दोन उलटप्रश्न आले की बोबडी वळते, आणि हल्ली असे प्रश्न मुद्दाम विचारतात.

म्हणून ‘एक मुलगी हवी’चा निरोप आला तर होकार देण्याआधी विचारा: माझ्याकडे कोणतं मॉड्यूल? गिटहबच्या रिपॉझिटरीचा ॲक्सेस मला कधी मिळणार? टाळाटाळ झाली तर तुमच्यासारख्याच मैत्रिणी गोळा करून वेगळा संघ करा. नियमात मुलगी किमान एक हवी, सहाच्या सहा मुली असायला काही हरकत नाही.

जाता जाता नमाजचं. 36 तासांत सहा जण आळीपाळीनेच झोपतात, आळीपाळीनेच चहाला जातात. त्यात नमाजची वेळ सहज बसते. फक्त संघात आणि मार्गदर्शकांना पहिल्या तासातच सांगून ठेवा. परीक्षकांची फेरी कधी आहे ते विचारून घ्या. न सांगता उठून गेलं की गैरसमज होतो.

कॉलेजचं नाव न विचारणारी दारं

लहान कॉलेजच्या विद्यार्थ्याला दोन शंका पोखरत असतात. एक, ‘माझ्या कॉलेजला कोण विचारतो?’ दुसरी तो मोठ्याने बोलत नाही: ‘माझ्या नावाकडे बघून तर बायोडाटा बाजूला ठेवला नसेल?’ दुसऱ्या शंकेला सरसकट हो किंवा नाही म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण काही दारं अशी आहेत, जिथे आधी काम पाहतात आणि मग माणूस. त्यांची माहिती आपल्याकडे फार कमी पोहोचते.

‘गुगल समर ऑफ कोड’ 2005 पासून सुरू आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्था यात नवख्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली काम देतात. वय 18 पूर्ण हवं. काम घरी बसून, मानधन डॉलरमध्ये, देशानुसार कमी-जास्त. 2022 पासून विद्यार्थी असण्याची अटही काढून टाकली आहे, त्यामुळे पास होऊन घरी बसलेलाही अर्ज करू शकतो. संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीच्या शेवटी येते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, निकाल मेमध्ये.

इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते. यादी आल्यावर तयारी सुरू करणारा उशिराच आलेला असतो. निवड होणारी मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच एखाद्या संस्थेच्या कोडमध्ये छोट्या दुरुस्त्या करत असतात, मार्गदर्शक त्यांना नावाने ओळखू लागलेले असतात. मागच्या वर्षीच्या संस्थांची यादी उघडी असते. त्यातली एकच निवडा. सुरुवात कागदपत्रांतली चूक दुरुस्त करण्यापासून झाली तरी चालेल. शिवाय गेली दोन-तीन वर्षं अर्जाचे दिवस रमजानला लागून येताहेत. सहरीनंतरचे दोन तास डोकं शांत असतं, प्रस्ताव लिहायला त्याहून चांगली वेळ नाही. पण कोडची ओळख मात्र रमजानच्या आधीच झालेली हवी.

दुसरं दार ‘आउटरीची’चं. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आपल्या देशात ज्यांचं प्रमाण कमी आहे किंवा ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशांसाठीच ही इंटर्नशिप आहे. तीन महिने, घरबसल्या, मानधन 7000 डॉलर. वर्षातून दोनदा भरती होते. अर्जात स्वतःच्या परिस्थितीबद्दल लिहावं लागतं. हिजाब घालणारी, गावातून आलेली, घरात पहिली शिकलेली मुलगी जे इतर अर्जांत लपवते, ते इथे मोकळेपणाने लिहायचं असतं. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना सलग काही आठवडे तास-परीक्षांतून मोकळे असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून विद्यापीठाचं वेळापत्रक जवळ ठेवा.

तिसरं दार आपल्या अगदी शेजारी आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात कोणत्याही कॉलेजचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी प्रयत्न करू शकतात. आधी एक काम करून द्यायचं असतं, त्यावरून निवड होते. तिथलाच ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा प्रकल्प लिनक्स, सी, जावा, पायथनसारखे विषय छोट्या व्हिडिओंतून शिकवतो, आणि त्यातले बरेच धडे मराठीतूनही आहेत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्याला पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकात पॉइंटर कळत नाही, तेव्हा हे धडे उपयोगी पडतात. संकल्पना आपल्या भाषेत कळली की इंग्रजीत सांगायचा सराव वेगळा करता येतो. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतं. माझा साधा उपाय: प्रोजेक्ट आधी घरात धाकट्या बहिणीला समजावून सांगा, मग तेच मोबाइलवर इंग्रजीत रेकॉर्ड करून ऐका.

स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगबद्दल थोडक्यात. कोडफोर्सेस, कोडशेफवर नियमित सोडवणाऱ्याचं रेटिंग सगळ्यांना दिसतं. ‘आयसीपीसी’ या जागतिक स्पर्धेत तीन जणांना एक कॉम्प्युटर आणि पाच तास मिळतात. टीसीएसची ‘कोडव्हिटा’सारखी स्पर्धा थेट मुलाखतीपर्यंत नेऊ शकते. पण याला दोन वर्षांचा रियाज लागतो आणि प्रत्येकाचा तो पिंड नसतो. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

टेकफेस्टला जायचं का?

जायचं, पण डोळे उघडे ठेवून. आयआयटी मुंबईचा ‘टेकफेस्ट’ 1998 पासून भरतो, पुण्यात सीओईपीचा ‘माइंडस्पार्क’, माटुंग्याला व्हीजेटीआयचा ‘टेक्नोव्हान्झा’. सेल्फी काढून परतणारे खूप असतात. त्यापेक्षा एका स्पर्धेत नाव द्या, एका कार्यशाळेत बसा आणि ज्यांचा प्रोजेक्ट आवडला त्यांना विचारा, हे कसं केलं. आपल्या कॉलेजच्या फेस्टमध्ये स्वयंसेवक व्हा. प्रायोजक मिळवण्यासाठी दहा कंपन्यांना फोन करणाऱ्या विद्यार्थ्याची बोलण्याची भीती आपोआप जाते, आणि त्या दहा ओळखी पुढे कामाला येतात.

पैसे मागणारी ‘इंटर्नशिप’

यावर रागाने लिहावंसं वाटतं. ‘तुमची निवड झाली आहे, फक्त सर्टिफिकेटची फी भरा’, ‘लॅपटॉपसाठी डिपॉझिट द्या’, ‘ऑफर लेटरची प्रोसेसिंग फी’. असे मेसेज दर आठवड्याला येतात आणि गरीब घरातली मुलंच त्यात जास्त फसतात, कारण त्यांच्या घरात विचारायला कुणी नसतं. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. ट्रेनिंग विकायचं असेल तर ते ट्रेनिंग म्हणून विकावं. नाव, शिक्का आणि क्यूआर कोड असलेल्या प्रमाणपत्राची मुलाखतीत किंमत शून्य असते. त्यापेक्षा एनपीटीईएलचा कोर्स करा. शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन खरोखर द्यावी लागते.

चौथं वर्ष हातातून गेलं असेल तर

रस्ता बंद होत नाही. पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत, म्हणजे ‘नॅट्स’मध्ये, एक वर्षाचं प्रत्यक्ष काम आणि विद्यावेतन मिळतं. गेट परीक्षा पास होऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन असतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकचा ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा सहा महिन्यांचा डिप्लोमा हा मराठी मुलांचा जुना आणि भरवशाचा मार्ग. त्याची ‘सी-कॅट’ प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. फी कमी नाही, अभ्यास सकाळपासून रात्रीपर्यंत असतो, पण शेवटी कंपन्या येतात.

आता एक अशी गोष्ट, जी करिअर मार्गदर्शनात कुणी सांगत नाही आणि आपल्या मुलांना नेमकी तीच नडते. नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर ‘मोहम्मद’ पूर्ण, आधारवर त्याचं तीन-चार अक्षरी लघुरूप, पॅनवर ते गायबच. शेखचं स्पेलिंग एका कागदावर ‘ए’ घेऊन, दुसऱ्यावर ‘ई’ घेऊन. आडनाव कधी पुढे, कधी मागे. ऑफर मिळाल्यावर कंपनी कागदपत्रं पडताळायला घेते तेव्हा हे सगळं वर येतं आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. तिसऱ्या वर्षीच सगळी कागदपत्रं टेबलावर पसरून बसा. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आधार धरून बाकीची जुळवून घ्या. मार्कशीटवरच चूक असेल तर आधी शाळेतून बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, आणि नावच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात, आपण ज्याला ‘गॅझेट’ म्हणतो त्यात, नोंद करावी लागते. दोन्हीला वेळ लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केलं तर प्लेसमेंटच्या हंगामापर्यंत हातात येतं.