माळरानावरील गाणे

'वेस्टर्न' चित्रपट म्हणताच उजाड माळ, टोपी घातलेला घोडेस्वार आणि दूरवर उडणारी धूळ डोळ्यांसमोर उभी राहते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम भागातील कथांमुळे या चित्रपटांना हे नाव मिळाले. परंतु इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांनी आपल्या वेस्टर्नपटांचे बरेचसे चित्रीकरण स्पेनमधील अल्मेरिया भागात केले. आपल्याकडील 'शोले' (१९७५) मधील रामगढ कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत उभे राहिले. म्हणजेच, या शैलीसाठी अमेरिकेला जाणे आवश्यक नाही. जवळच्या भूमीकडे नीट पाहणे आवश्यक आहे.

रायपूरच्या परिसरात अशी भूमी आहे. गावाच्या उंच भागातील तांबूस, मुरमाड जमिनीला छत्तीसगढमध्ये 'भाठा' म्हणतात. तिच्यात पाणी टिकत नाही. त्यामुळे तेथे खुरटे गवत व तुरळक झुडपेच दिसतात. अशा भाठ्यावर विद्यार्थ्यांना एखाद्या गीताची वेस्टर्न ढंगाची ध्वनिचित्रफीत तयार करावयाची असेल, तर नियोजन कसे करावे?

प्रथम गाणे पूर्ण ध्वनिमुद्रित करावे. लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या चित्रपटासाठी एन्निओ मॉरिकोने यांनी संगीत आधीच रचले होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले जात असे. गाणे ठरलेले असले की पात्रांच्या हालचालींना लय मिळते.

त्यानंतर वेळेचा हिशेब मांडावा. गाणे तीन मिनिटांचे, म्हणजे १८० सेकंदांचे आहे आणि प्रत्येक शॉट सरासरी चार सेकंदांचा आहे, असे मानू. एकूण ४५ शॉट लागतील. प्रत्येकास दहा मिनिटे धरल्यास ४५० मिनिटे, म्हणजे साडेसात तास होतात. लांब सावल्यांचा मऊ प्रकाश मात्र सकाळ-संध्याकाळ मिळून सुमारे चारच तास लाभतो. म्हणून एक नव्हे, दोन दिवस राखून ठेवावेत. पावसाळा संपल्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस यासाठी सोयीचे असतात.

जमीन ओसाड दिसली, तरी ती बेवारस नसते. खासगी असल्यास मालकाची, गावाची असल्यास ग्रामपंचायतीची आणि वनक्षेत्र असल्यास वनविभागाची परवानगी घ्यावी. खेळण्यातील बंदुका वापरावयाच्या असल्यास गावकऱ्यांना व पोलीस ठाण्याला आधी कळवावे; अन्यथा घबराट पसरू शकते. वाळलेल्या गवतात शेकोटी पेटवू नये. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, याचेही भान ठेवावे.

शेवटचा प्रश्न नायकाचा. 'काउबॉय' म्हणजे मुळात गुराखीच. छत्तीसगढमध्ये गुरे राखणाऱ्या राऊत समाजाचा नाच प्रसिद्ध आहे. कार्तिकात ही मंडळी कवड्यांनी सजवलेला पोशाख करून, हाती काठी घेऊन, गडवा बाजाच्या तालावर नाचतात. भाठ्यावर रोज गुरे नेणारा हा माणूस ध्वनिचित्रफितीचा नायक का होऊ नये? मात्र त्याला केवळ शोभेसाठी उभे करू नये. त्याची संमती घ्यावी, श्रमाचा मोबदला द्यावा आणि तयार झालेली चित्रफीत सर्वप्रथम त्याच्याच गावात दाखवावी. शैली दुसऱ्या देशातून घेता येते. परंतु भूमी आणि माणसे आपली असली, तरच ती आपल्या मुलखात रुजते.