घरच्या विद्युतचुंबकाची ताकद कशी वाढते?

खिळ्याभोवती तार गुंडाळायची, तिची टोकं सेलला जोडायची आणि टाचण्या उचलायच्या, हा प्रयोग शाळेत अनेकांनी केलेला असतो. पण त्याच पद्धतीने किलोभर वजन उचलायला जावं, तर तार तापते, सेल लवकर उतरतो आणि वजन जागचं हलत नाही. असं का होतं?

जास्त वेढे म्हणजे जास्त ताकद?

चुंबकाची ताकद विजेचा प्रवाह आणि तारेचे वेढे यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. २ अँपिअर प्रवाह आणि १०० वेढे म्हणजे २०० अँपिअर-वेढे. मात्र सेल तोच ठेवून वेढे दुप्पट केले, तर तारेची लांबी दुप्पट होते, रोधही दुप्पट होतो आणि प्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. गुणाकार तेवढाच राहतो. फायदा एवढाच, की उष्णता निम्मी होते. ताकद वाढवायची तर तार जाड घ्यावी, किंवा वेढ्यांबरोबर सेलही वाढवावेत.

हेन्री यांनी काय बदललं?

इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखवलेल्या सुमारे २०० ग्रॅमच्या चुंबकाने ४ किलो वजन उचललं होतं. त्यांची तार उघडी असल्याने वेढे एकमेकांना टेकू न देता लांब लांब घ्यावे लागत. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवर रेशमाचं आवरण चढवलं आणि वेढ्यांवर वेढे घेतले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी बनवलेल्या त्यांच्या चुंबकाने ९०० किलोहून जास्त वजन पेललं. आज रेशमाचं काम तारेवरचा इनॅमलचा थर करतो.

घरी कसा बनवायचा?

१० मिलिमीटर जाडीचा साध्या लोखंडाचा यू-बोल्ट घ्यावा. स्टेनलेस स्टीलचा नको, कारण त्याचे अनेक प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत. टोकं कानशीने घासून एका पातळीत सपाट करावीत. बोल्टवर चिकटपट्टी लावून दोन्ही पायांवर ०.५ मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे प्रत्येकी १५० वेढे घ्यावेत. बोल्ट सरळ केला असता सगळे वेढे एकाच दिशेने दिसले पाहिजेत. नाहीतर दोन पाय एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. तारेची टोकं पॉलिश पेपरने घासून इनॅमल काढावं.

या तारेचा रोध साधारण १ ओहम भरतो. दोन मोठे सेल एकापुढे एक जोडले, तर दोनेक अँपिअर प्रवाह, म्हणजे सुमारे ६०० अँपिअर-वेढे मिळतात. दोन्ही टोकांवर जाड, सपाट लोखंडी पट्टी घट्ट बसली, की चुंबकीय वाट पूर्ण होते. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड ढिली पडते.

मर्यादा आणि धोका

लोखंडालाही मर्यादा आहे. सुमारे २ टेस्लाच्या आसपास ते संपृक्त होतं. त्यापुढे प्रवाह वाढवला तर मुख्यतः उष्णता वाढते. म्हणून जोडणी एका वेळी दहा सेकंदच ठेवावी. घरातल्या प्लगला, गाडीच्या किंवा लिथियम बॅटरीला ही तार कधीही जोडू नये. तार काढताना ठिणगी उडते आणि झटकाही बसू शकतो, त्यामुळे उघड्या टोकांना हात न लावता स्विच वापरावा. पेसमेकर असलेल्यांनी दूर राहावं.