जुन्या चित्रफितीवरील फेरफार

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणीला राज्यभर आरंभ झाला आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवरून करावी असे ठरताच, ती कशी करावी हे समजावून देणाऱ्या मराठी चित्रफिती यूट्यूबवर मुबलक दिसू लागल्या. पुढे ॲपच्या आवृत्त्या बदलल्या, पडद्यांची मांडणी बदलली; जुन्या चित्रफिती मात्र जिथल्या तिथे राहिल्या, आणि बांधावर उभा असलेला शेतकरी त्यात दाखविलेले बटण आपल्या मोबाईलवर शोधत राहिला. कर्त्याने नवी चित्रफीत तयार केलेली असते. परंतु तिची वार्ता जुनी पाहणाऱ्यास कशी द्यावी, याविषयी कर्त्यांमध्येच बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत रूढ समज असा, की जुन्या पत्त्यावरच नवी फाईल चढवून दिली म्हणजे काम भागते. व्हिमिओवर तशी मुभा आहे, यूट्यूबवर नाही. तेथे प्रत्येक नव्या चित्रफितीस नवा पत्ता मिळतो. जुनीतील एखादा भाग कापता येतो, चेहरा धूसर करता येतो, पण नवे चित्र आत घालता येत नाही.

बेल दाबलेल्यांना सूचना जाईलच, हा भरवसाही तोकडा आहे, कारण ती सूचना वर्गणीदारांपुरती असते आणि एका चॅनेलकडून चोवीस तासांत तीनहून अधिक सूचना यूट्यूब पाठवीत नाही. शोध घेत आलेला अनोळखी माणूस वर्गणीदार नसतो, आणि चुकीच्या माहितीचा खरा भुर्दंड त्यालाच पडतो. तेव्हा इशारा त्याच्याकडे धाडावयाचा नसून, तो जेथे येऊन पोचतो तेथे, म्हणजे जुन्या चित्रफितीवरच, लावावयाचा असतो.

पूर्वी चित्रावरच मजकुराची चौकट डकविण्याची सोय होती. ती मोबाईलवर चालत नसल्याने २ मे २०१७ पासून नव्या चौकटी लावणे बंद झाले आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही दिसेनाशा झाल्या. परिणामी ‘नवी आवृत्ती येथे पाहा’ असे इमानाने लिहून ठेवणाऱ्यांचे इशारेही त्यांच्या नकळत पुसले गेले, आणि आपण सूचना दिलेलीच आहे अशा समजुतीत काही जण आजही निर्धास्त असतील.

आज हाती आहेत ती कार्डे, म्हणजे चित्रावर उमटणारे दुवे, आणि शेवटचा पडदा. पैकी शेवटचा पडदा अखेरच्या पाच ते वीस सेकंदांतच दिसतो, आणि कृती शिकावयास आलेला माणूस काम झाले की, किंवा अडले की, तेथवर थांबत नाही. कार्ड मात्र आरंभीच लावता येते. त्यापेक्षाही खात्रीचे म्हणजे शीर्षकातच ‘जुनी आवृत्ती’ असे शब्द घालणे आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत नवा दुवा देणे. पहिलीच ओळ, कारण उरलेले वर्णन घडी घातलेले असते व ते उलगडण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. मुलांसाठी म्हणून नोंदविलेल्या चित्रफितींवर तर कार्डे आणि शेवटचा पडदा, दोन्ही मिळत नाहीत.

एखाद-दुसरे विधानच चुकले असेल, तर २०२२ मध्ये आलेली दुरुस्तीची सोय पुरते: वर्णनात ‘करेक्शन’ हा शब्द, पुढे ती चूक चित्रफितीत कोणत्या क्षणी येते ती वेळ, आणि मग खुलासा. खुलासा मराठीत चालतो; तो एक शब्द मात्र इंग्रजी लिपीतच लागतो, आणि तो देवनागरीत लिहिल्यास चित्रफितीवर दुरुस्तीचे कार्ड उमटत नाही.

आता जुनी काढूनच टाकावी हा सल्ला. त्याने प्रेक्षकसंख्या आणि अभिप्राय जातातच, शिवाय जिकडेतिकडे दिलेले दुवे मृत होतात. सातबाऱ्यावर जुनी नोंद खोडून नाहीशी करीत नाहीत. तिला कंस करून फेरफाराचा क्रमांक टाकतात, म्हणजे मागचे दिसते आणि चालू काय तेही कळते. चित्रफितीलाही तीच रीत शोभते. अगदीच घातक माहिती असेल तर गोष्ट निराळी. मधला मार्ग म्हणून जुनी ‘अनलिस्टेड’ करता येते. मग ती शोधात वा चॅनेलवर दिसत नाही, पण जुन्या दुव्यावरून येणाऱ्यास उघडते व वर्णनातील नवा पत्ता सापडतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतींना यांतले काहीही लागू पडत नाही, कारण त्यांच्यासोबत ना वर्णन जाते ना कार्ड. ॲपची आवृत्ती आणि ध्वनिचित्रमुद्रणाचा दिनांक चित्राच्या कोपऱ्यातच छापून ठेवणे, एवढीच तजवीज तेथे शक्य आहे, आणि तीही चित्रफीत चढविण्याआधीच करावी लागते.