विमानाचा थ्रॉटल जड चालतोय? तेलाच्या डब्याला हात लावण्याआधी हे ऐका

या भागाचं कारण म्हणजे एक व्हॉइस नोट. पाठवणारा मुलगा आपल्याच शहरातला, सध्या बाहेरगावी विमान चालवायला शिकतोय. तो म्हणतो, "दादा, आमच्या ट्रेनिंगच्या विमानाचा थ्रॉटल लई जड आहे. लँडिंगला पॉवर कमी करायची म्हटलं की जोर लावावा लागतो. विचारलं तर म्हणाले, जुनं विमान आहे, सवय होईल."

ही 'सवय होईल' मला पटली नाही. म्हणून आजचा अख्खा भाग एका केबलवर.

आधी थोडं मागे जाऊ. होटगी रोडच्या विमानतळावर आपण सोलापूरकरांनी किती वर्षं चर्चा केली! २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. पण त्या मोठ्या विमानात पुढच्या सीटवर बसणारा माणूस शिकतो कशावर? बहुतेक वेळा सेस्ना १५२ किंवा १७२ सारख्या छोट्या विमानावर. यातल्या १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं. म्हणजे आज उडणारं कुठलंही १५२ घ्या, ते चाळिशीच्या घरातलं किंवा त्याहून म्हातारं. विमान जुनं असणं हा दोष नाही, नीट सांभाळलं तर ते उत्तम उडतं. पण त्यातल्या केबल्स विमानाइतक्या जगत नाहीत, ही गोष्ट लोक विसरतात.

केबल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बाईकची क्लच वायर. आत पोलादी तार, बाहेर गुंडाळलेल्या तारेची नळी. या रचनेचं पेटंट अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ मध्ये घेतलं, अजून तीच कल्पना चालू आहे. फरक एवढाच की क्लच वायर फक्त ओढते, परत न्यायला स्प्रिंग असते. विमानातली केबल ओढते आणि ढकलतेही. त्यामुळे तार जरा जाड आणि ताठ लागते, आणि ताठ तारेला वळणं आवडत नाहीत.

सेस्नाच्या डॅशबोर्डवर असे मुख्य नॉब तीन. काळा गोल नॉब थ्रॉटलचा. लाल आणि खाचांचा नॉब मिक्स्चरचा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा. खाचा यासाठी की न बघता, नुसत्या बोटांना कळावं. तिसरा कार्ब हीटचा, त्याच्याकडे नंतर येतो.

आता जड केबलचं नेमकं काय वाईट? हाताला त्रास होतो, हे सगळ्यात किरकोळ. खरी भानगड अशी की जड केबल अडकते आणि मग एकदम सुटते. धावपट्टी समोर आहे, तुम्हाला इंजिनचे फेरे फक्त १०० ने कमी करायचेत. तुम्ही ओढता, काही होत नाही. अजून ओढता, आणि खाडकन ४०० ने कमी होतात. विमान जमिनीपासून थोड्याच उंचीवर, वेग आधीच कमी. शिकाऊ माणसाला तिथे सावरायला फार वेळ मिळत नाही. शिवाय तुम्ही लावलेला प्रत्येक जादा जोर तारेवर आणि टोकाच्या जोडावर पडतो, आणि एक दिवस त्यातलं काहीतरी सुटतं. थ्रॉटल जास्त पॉवरवर अडकून राहिला तर विमान धावपट्टीच्या आवाक्यात उंचावर आणून, मिक्स्चर ओढून इंजिन बंद करायचं आणि तरंगत उतरायचं, असा एक मार्ग असतो. तो पॉडकास्ट ऐकून नाही, इन्स्ट्रक्टरबरोबर बसून शिकायचा.

मी काही वर्षं हँगरमध्ये टेक्निशियन होतो. जड थ्रॉटलची तक्रार आली की नवे पोरगे पहिल्यांदा स्प्रेचा डबा शोधतात. तो डबा सगळ्यात शेवटी.

पहिलं काम फुकटचं. थ्रॉटलच्या नॉबमागे एक गोल चकती असते, फ्रिक्शन लॉक. थरथरीने थ्रॉटल आपोआप सरकू नये म्हणून ती आवळतात. आधीच्या पायलटने ती करकचून आवळून ठेवलेली असते आणि पुढचा दिवसभर केबलला शिव्या घालतो. सैल करून बघा. हे पायलटही करू शकतो. यापुढचं काम मात्र डीजीसीएच्या लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीच.

दुसरं, इंजिनच्या बाजूला केबल कार्बोरेटरपासून सोडायची. आता दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. कार्बोरेटरचा आर्म बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवा. आतल्या छोट्या पंपाचा थोडा विरोध जाणवतो, तो चालतो. पण आर्मच अडखळत असेल तर केबल निर्दोष आहे, गुन्हेगार कार्बोरेटरमध्ये आहे. मग सुटी केबल नॉबने आतबाहेर करा. जड लागली, तर चोर केबलमध्ये.

आणि माझा आवडता प्रकार तिसरा: आर्म मोकळा, केबल मोकळी, पण जोडली की जड! यात बिघाड जोडणीच्या कोनात असतो. केबलचं टोक आर्मला सरळ रेषेत ढकलत नाही, तिरकं ओढतं, आणि तार नळीच्या तोंडाशी घासत राहते. कधीतरी कुणीतरी ब्रॅकेट काढून बसवताना वॉशर इकडचा तिकडे केलेला असतो. अशा वेळी नवी केबल टाकली तरी सहा महिन्यांत तीच तक्रार परत येते. पैसे गेले, रोग तिथेच.

केबलच दोषी निघाली तर ती कुठे जड होते ते विचारा. सगळीकडे सारखीच जड असेल तर आतलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालंय, किंवा तार गंजलीय, किंवा एखादा क्लॅम्प इतका आवळलाय की नळी चेपली. एकाच ठिकाणी अडकत असेल तर तिथे नळी मुरगळलीय, किंवा आतल्या तारेचा एखादा पदर तुटून टोचतोय. थंड असताना ठीक आणि इंजिन तापल्यावर जड, असं असेल तर सायलेन्सरच्या पाइपजवळून केबल गेलीय का ते बघा. ओढताना ठीक पण ढकलताना स्पंजासारखी दबत असेल, तर बाहेरची नळी क्लॅम्पमध्ये सैल आहे. नॉब सरकतो, पण अर्धी हालचाल वाटेतच खर्च होते. आणि महिनाभर जड असलेली केबल एका सकाळी अचानक लोण्यासारखी चालायला लागली, तर खूश होऊ नका. आधी बॉनेट उघडा, बहुधा काहीतरी तुटलंय.

आता तेलाकडे. काही केबल्सच्या आत घसरगुंडीसाठी प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यात तेल घालायचंच नसतं. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच चालतं. साध्या जुन्या केबलला पातळ स्प्रे मारला की पाच मिनिटं छान वाटतं, मग तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन उडून जातो आणि ओलसर तारेवर धूळ बसते. आपल्या सोलापूरची धूळ तुम्हाला सांगायला नको. तेल आणि धूळ मिळून जे होतं ते पॉलिश पेपरचंच काम करतं. आणि मुरगळलेली, गंजलेली केबल कुठल्याच तेलाने बरी होत नाही, ती बदलायची.

आता कार्ब हीट. हा नॉब ओढला की इंजिनला गरम हवा मिळते, कारण कार्बोरेटरमध्ये बर्फ होतो. हसू नका! पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता खेचतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पावसाळ्यातल्या २० ते २५ अंशांच्या दमट हवेतही आत बर्फ धरू शकतो. ही केबल गरम भागाजवळून जाते आणि कमी वापरली जाते, म्हणून ती गुपचूप जाम होते. वाईट म्हणजे नॉब हलतो, आतली झडप हलत नाही. म्हणून उड्डाणाआधीच्या तपासणीत कार्ब हीट ओढल्यावर फेरे थोडे पडलेच पाहिजेत. पडले नाहीत तर 'बरं झालं, पॉवर गेली नाही' असं नाही. झडप उघडलीच नाही, असं समजा.

विद्यार्थ्यांसाठी सांगतो. जड केबल तोंडी सांगून सोडू नका, टेक लॉगमध्ये स्नॅग म्हणून लिहा. 'थ्रॉटल जड' एवढंच नको. कुठल्या टप्प्यावर, ओढताना की ढकलताना, इंजिन गार की गरम, फ्रिक्शन लॉक सैल होतं का, हे लिहा. त्या चार ओळींनी इंजिनिअरचा अर्धा दिवस वाचतो. आणि लिहिलेला स्नॅग कुणालातरी सही करून बंद करावा लागतो, तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते. नव्या मुलाला हे अवघड जातं, मान्य आहे. तासाला हजारो रुपये भरलेत, विमान जमिनीवर बसलं तर आपलेच तास लांबणार, वर सिनिअर काय म्हणतील. तरी लिहाच.

केबल बदलल्यावर काय बघायचं? नॉब पूर्ण आत ढकलल्यावर कार्बोरेटरचा आर्म त्याच्या अडसराला टेकला पाहिजे आणि तरीही नॉब व डॅशबोर्डमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. नॉब आधी टेकला, तर तुम्हाला पूर्ण पॉवर मिळतच नाहीये. टोकाच्या बोल्टला मोठा वॉशर हवा, म्हणजे आतला गोळा झिजून निसटला तरी केबल आर्मवरून सुटून पडणार नाही. नटाला स्प्लिट पिन हवी, जुनी वाकवून पुन्हा घातलेली नाही, नवी. इंजिन रबरी पायांवर हलतं, म्हणून केबलला तेवढी ढील हवी. आणि हे सगळं ज्याने बसवलं त्याने एकट्याने 'ओके' म्हणायचं नाही. कंट्रोलला हात लागला की दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासून सही करायची पद्धत आहे. त्या दुसऱ्याने टॉर्च स्वतः धरायचा, नॉब स्वतः ओढायचा, पिन स्वतः बोटाने चाचपायची.