गिनीपिग खात नसेल तर

गिनीपिग वाटीपाशी धावत येतो, काकडीची फोड तोंडात धरतो आणि टाकून देतो. हनुवटीखालची लव लाळेने ओली झालेली असते. भूक आहे, पण चावता येत नाही, याची ही खूण.

गिनीपिगचे 20 दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळताना ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाढतात. खालच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात आणि जीभ अडकते. समोरचे दात मात्र अनेकदा ठीक दिसतात. म्हणून दाढा तपासणं आवश्यक असतं. त्यासाठी कधी भूल, कधी एक्स-रे लागतो.

दात ठीक असतील तर इतर कारणं शोधावी लागतात. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडलं की हिरड्या आणि सांधे दुखतात. मूतखडा किंवा श्वसनाचा संसर्ग झाला तरी खाणं सुटतं.

पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते. त्यामुळे 12 तास काहीच खाल्लं नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. घरातलं प्रतिजैविक देऊ नका. तोंडाने दिलेलं पेनिसिलीन गिनीपिगच्या जिवावर बेतू शकतं.

रोज भरपूर वाळलेलं गवत आणि थोडी ढोबळी मिरची द्या. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजनातली घट बहुतेक वेळा इतर लक्षणांआधी दिसते.