हळदीचा डीजे, परवानगी आणि आपले कान

लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. जेवणावळीत पोट बिघडलेले आणि हळदीच्या रात्री कान बिघडलेले. पहिल्यांना आपला आजार कळतो, दुसऱ्यांना कळत नाही. म्हणून आजचा विषय.

गेल्या मोसमात विशीतला एक मुलगा आला. भावाच्या हळदीत तीन तास स्पीकरच्या पुढ्यात नाचला होता. सकाळी उठला तो कानात रातकिड्यासारखी किरकिर, आणि माणसांचे बोलणे कानात कापूस घातल्यासारखे ऐकू येई. ‘डॉक्टर, मळ साचला असेल, काढून द्या,’ म्हणाला. कानात मळ नव्हताच. त्याच दिवशी त्याच वाडीतल्या एक आजी आल्या. त्या हळदीला गेल्याही नव्हत्या. घरात पडून होत्या, पण डोळ्याला डोळा लागला नव्हता, छातीत धडधड होती आणि रक्तदाब नेहमीपेक्षा चढला होता. आवाज एकच, रुग्ण दोन.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात साधारण १५ हजार नाजूक केसपेशी असतात. आवाजाने त्या गवतासारख्या हलतात. थोड्या दबल्या तर सावरतात, फार तुडवल्या गेल्या तर मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही आणि ती उगवावी असे औषध माझ्याकडे नाही.

औषधाप्रमाणे आवाजालाही मात्रा असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. डीजेच्या भिंतीपुढे आवाज सहज १०० च्या वर जातो. म्हणजे आमच्या नवरदेवाच्या भावाने एका रात्रीत १२ दिवसांची मात्रा घेतली. झोपलेल्या माणसाचेही कान उघडेच असतात. मोठा आवाज आला की शरीर त्याला संकट समजते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. हृदयरोगी, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि परीक्षेची मुले यांचा विचार यासाठीच करायचा.

आता परवानगीकडे वळू. ‘ग्रामपंचायतीला सांगितले आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. तेवढे पुरत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. त्यासाठी आपले घर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तेथे अर्ज करावा. महाडकरांनी आपले ठाणे शहर, तालुका की एमआयडीसी हे आधी पाहावे. अर्जात जागा, तारीख, सुरू व बंद करण्याची वेळ, स्पीकर किती, यजमान कोण आणि साउंडवाला कोण हे स्वच्छ लिहावे. जागा नगरपरिषदेची, नगरपंचायतीची, ग्रामपंचायतीची किंवा दुसऱ्याची असेल तर त्यांची संमती जोडावी. आठ-दहा दिवस आधी जावे आणि मिळालेला कागद मांडवात जवळ ठेवावा.

परवानगी मिळाली तरी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंदच ठेवायचा असतो. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपली हळद त्या दिवशी येईलच असे नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतला आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले आहे की, नको असलेला आवाज दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही.

यजमान म्हणतात, मुंबईचे चाकरमानी पोहोचेपर्यंतच आठ वाजतात, मग नाचायचे कधी? खरे आहे. पण आमंत्रण पत्रिकेवरच हळदीची वेळ सायंकाळी ६ छापा, पाहुणे लवकर निघतील. जेवणे नाचानंतर ठेवा. आपल्याकडचा खालूबाजा आहेच. त्याचाही आवाज मोठा, पण वाजवणारा दमतो, थांबतो, पाणी पितो. तेवढ्यात कानालाही विसावा मिळतो. डीजे दमत नाही.

आणखी थोडी पथ्ये. स्पीकरची तोंडे घरांकडे करू नयेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मुलांना स्पीकरपासून लांब ठेवावे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर मात्रा जास्त झाली असे समजावे. शेजारी कोणी आजारी असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारावे.

त्रास होत असेल तर ११२ क्रमांकावर कळवता येते. गावात वाईटपणा नको म्हणून लोक गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तक्रारदाराचे नाव उघड न करता कारवाई करण्यास पोलिसांना सांगितले आहे.

नाचानंतर कान बंद वाटले किंवा किरकिर लागली तर गरम तेल घालू नका, काडी घालू नका. दिवसभरात बरे वाटले नाही, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

तो मुलगा चार दिवस वाट पाहून माझ्याकडे आला होता. त्याला आता बोलणे नीट ऐकू येते. किरकिर मात्र रात्री, सगळीकडे शांत झाले की, अजून ऐकू येते.